माळ्यावरचा व्हिडिओ गेम उतरवा: ॲडॉप्टरपासून राजकन्येपर्यंत

दिवाळीची साफसफाई निघाली की ठाण्यातल्या जुन्या इमारतींत अजूनही एखाद्या माळ्यावरून व्हिडिओ गेम खाली येतो. दोन रिमोट, दोन-चार कॅसेटी, वायरींचा गुंता आणि वर बोटभर धूळ. घरातलं चाळिशी ओलांडलेलं माणूस हौसेने तो टीव्हीला लावतं, पहिल्याच खड्ड्यात मारिओला, म्हणजे राजकन्येला सोडवायला निघालेल्या त्या गेममधल्या नायकाला, घालवतं आणि ‘आता हात राहिला नाही’ म्हणून सगळं परत गुंडाळून ठेवतं. हाताला उगाच नावं ठेवू नका. बऱ्याचदा दोष रिमोटच्या रबरात असतो, कॅसेटच्या पिनांत असतो आणि सगळ्यात जास्त त्या भिंतीवरच्या नव्या टीव्हीत असतो. म्हणून आधी मशीन नीट करू, मग टीव्ही, आणि त्यानंतर अंगठ्याकडे वळू.

मशीन कुठलं ते बघा

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे आलं त्यावर समुराई, मीडिया अशी नावं असायची. बाकी बिननावाचे डबे तर विचारूच नका. यातल्या बहुतेकांच्या आत निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या मशीनचीच नक्कल असते. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. त्याचाच अमेरिकेतला अवतार म्हणजे १९८५ चा एनईएस. दोन्हींच्या कॅसेटी मात्र वेगळ्या: फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, एनईएसच्या कॅसेटला ७२. तेव्हा अमेरिकेतल्या मामाने हौसेने आणलेली मोठी करडी कॅसेट तुमच्या मशीनमध्ये बसली नाही तर जोर लावू नका. मधे कन्व्हर्टर लागतो.

माळ्यावर काहीच सापडलं नाही आणि विकतच घ्यायचा असेल तर बाजारपेठेत खेळण्यांच्या दुकानांत असे ‘टीव्ही गेम’ अजून मिळतात. कॅसेटची खाच असलेलाच घ्या. नुसतेच आत भरलेले गेम असलेल्या स्वस्त डब्यांत आवाज बेसूर असण्याची शक्यता फार. दुकानातच लावून बघायला मागा. मारिओचं सुरुवातीचं संगीत ओळखीचं वाटलं नाही तर पुढे जा.

वीज, म्हणजे सगळ्यात धोक्याची पायरी

मशीन जळतं ते इथेच. जुना ॲडॉप्टर हरवलेला असतो, आणि कोणीतरी इंटरनेटच्या राउटरचा ॲडॉप्टर आणून ‘बसतोय की’ म्हणत खोचतं. पिन बसली म्हणजे वीज जुळली असं नाही. मूळ फॅमिकॉमचा ॲडॉप्टर १० व्होल्टचा डीसी होता आणि त्याच्या पिनेचा मधला भाग निगेटिव्ह होता. नकली मशीनं बहुधा ९ व्होल्टवर चालतात, पण मधला भाग कुठे निगेटिव्ह तर कुठे पॉझिटिव्ह. राउटरच्या ॲडॉप्टरला मधला भाग साधारणपणे पॉझिटिव्ह असतो. मशीनच्या बुडाशी किंवा सॉकेटजवळ एक छोटं चित्र असतं: मध्ये टिंब, त्याभोवती अर्धवट गोल, दोन्हीकडे अधिक-उणे. तेच चित्र ॲडॉप्टरवर शोधा. दोन्ही जुळली तरच लावा.

जुना, वजनदार, ट्रान्सफॉर्मरवाला ॲडॉप्टर सापडला तर आधी मल्टिमीटरने मोजा. मशीन न जोडता मोजला तर ९ व्होल्टचा ॲडॉप्टर १२-१३ सुद्धा दाखवतो, त्याला घाबरू नका. पण वायर कडक होऊन तडकली असेल तर तो सरळ कचऱ्यात. मशीनच्या आत बहुधा ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, तो येणारी वीज ५ व्होल्टवर आणतो. लाल दिवाच लागत नसेल तर पहिला संशय यावर, नाहीतर स्विचवर. हा भाग अगदी किरकोळ किमतीचा. स्टेशनजवळच्या एखाद्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नसला, तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचं. सोल्डरिंग येत नसेल तर ते काम दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या.

फुंकर मारू नका

आपण सगळ्यांनी मारली आहे, मला माहीत आहे. कॅसेट काढायची, फूऽऽ करायचं, परत लावायची, आणि गेम सुरू व्हायचा. सुरू व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीबरोबर तोंडातली वाफ पिनांवर जाते आणि तांबं हळूहळू काळवंडतं. त्यात आपली हवा! कळवा, विटावा, ऐरोली, कोपरी हा सगळा खाडीचा काठ. पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे उघड्या तांब्याची काय कथा.

साहित्य थोडंच लागतं: कान कोरायचे कापसाचे बोळे, शाळकरी पांढरा खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे शेवटचं मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे हमखास असतं, ते कुठून आणतात तेवढं विचारून घ्या. केमिस्टकडचं हात धुवायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि इतर चिकट ऐवज असतो.

बोळा अल्कोहोलात बुडवून निथळवा. कॅसेटच्या पिनांवरून पट्टीच्या लांबीने घासू नका, प्रत्येक पिनेच्या दिशेने, म्हणजे आतून बाहेर घासा. पहिला बोळा करडा होतो. दुसऱ्यावर हिरवट झाक दिसली तर समजा हवेने आपलं काम केलंय. बोळा पांढरा राहीपर्यंत बदलत राहा. डाग हटतच नसेल तर खोडरबर हलकेच फिरवा आणि त्याचा चुरा पुन्हा बोळ्याने पुसून काढा. सॅण्डपेपर, चाकू, टूथपेस्ट यांतलं काही नको. पिनांवरचा मुलामा पातळ असतो, एकदा गेला की गेला. कॅसेट उघडलीत आणि आत चिपच्या जागी डांबराचा थेंब पडल्यासारखा काळा गोळा दिसला तर दचकू नका. चिप त्याच्याखालीच आहे, त्याला हात लावायचा नाही.

मशीनची खाच साफ करायला आत काही खुपसायची गरज नाही. साफ केलेली कॅसेट किंचित ओलसर पिनांनी आत-बाहेर करा, पुसा, पुन्हा करा. मशीन बंद असतानाच! मग पाच-दहा मिनिटं वाळू द्या. पडद्यावर रंगीत चौकटी किंवा उभ्या रेघा दिसल्या तर ते वाईट लक्षण नाही, मशीन जिवंत आहे आणि एखादी पिन टेकत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. डबा उघडलात तर झुरळांची अंडी आधी बघा. माळ्यावरच्या प्रत्येक वस्तूत त्यांचा एक फ्लॅट असतो.

रिमोट उघडायला मागचे स्क्रू काढा. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर बटणांचं रबर. रबराखालचे काळे ठिपके पट्टीला टेकले की बटण दाबलं जातं. पट्टी अल्कोहोलाने पुसा, काळे ठिपके मात्र कोरड्या कापडाने हलकेच. ए बटण खूप जोर लावल्यावरच चालत असेल तर ठिपक्यावर ६बी पेन्सिल गिरवा. महिना-दोन महिने निघतात. रिमोटवर ए-बीच्या वर आणखी दोन बटणं असतील तर ती टर्बोची. मारिओ खेळताना त्यांना हात लावू नका. टर्बोत ए बटण सेकंदाला अनेकदा दाबून सोडल्यासारखं होतं, त्यामुळे उडी पुरी होतच नाही. लहान मुलांच्या हातात रिमोट दिला की ते नेमकं तेच दाबतात आणि मग खेळ अवघड आहे म्हणतात.

टीव्ही: खरा शत्रू

पिवळी वायर चित्राची, पांढरी किंवा लाल आवाजाची. जुन्या मशीनचा आवाज एकाच वाटेने येतो, त्यामुळे तीनपैकी एक टोक रिकामं राहिलं तर काही चुकलेलं नाही. नव्या टीव्हींना अनेकदा तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच एव्ही भोक असतं. त्याची वायर टीव्हीच्या डब्यात आलेली असते आणि कोणालाच सापडत नाही. बाजारातली दुसरी घेतलीत आणि चित्राऐवजी गुणगुण ऐकू आली, तर पिवळं टोक लाल किंवा पांढऱ्याच्या जागी लावून बघा. वेगवेगळ्या कंपन्या आतल्या कड्यांचा क्रम वेगळा ठेवतात. चित्र काळं-पांढरं आलं किंवा वरखाली पळत राहिलं तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये कलर सिस्टिम बदला: पॅल, मग एनटीएससी, मग ऑटो.

एव्हीचं भोकच नसेल तर लोक एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी डबी घेतात. चालते, पण तिच्यामुळे चित्र आणखी उशिरा येतं. हा उशीरच सगळा घोळ घालतो, म्हणून त्याचा हिशोब एकदा मांडतो.

मूळ मशीन सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतं. पूर्ण वेगात पळणारा मारिओ दर चित्राला अडीच ठिपके (पिक्सेल) पुढे सरकतो. खेळातली प्रत्येक वीट १६ ठिपके रुंद. आता तुमच्या टीव्हीने चित्र सजवण्यात सेकंदाचा दहावा भाग घालवला, तर तेवढ्यात सहा चित्रं होऊन जातात आणि मारिओ १५ ठिपके, म्हणजे जवळजवळ एक अख्खी वीट पुढे गेलेला असतो. तुम्हाला तो खड्ड्याच्या काठावर दिसतो आणि तुम्ही ए दाबता. मशीनच्या लेखी तो केव्हाच खड्ड्यात आहे. लहानपणी ज्या उड्या झोपेत मारत होतो त्या आज चुकतात, त्या यामुळे.

उपाय: टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधा आणि चालू करा. चित्र गुळगुळीत करणाऱ्या, चित्रातली खरखर कमी करणाऱ्या (नॉइज रिडक्शन) सगळ्या करामती बंद करा. चित्राचा आकार ४:३ ठेवा, नाहीतर मारिओ जाडा दिसतो आणि अंतराचा अंदाज चुकतो. याउपर पटत नसेल तर जुना डब्बा टीव्ही मिळवा. सोसायटीच्या गच्चीखाली, भंगारवाल्याकडे, नातेवाइकांच्या गावच्या घरी एखादा असतोच, आणि बहुधा न्या म्हणतात. त्यात उशीर जवळजवळ नसतोच. बंदुकीचे गेमही त्याच टीव्हीवर चालतात, एलसीडीवर नाही. फक्त दोन गोष्टी: उचलायला दोघं लागतात, आणि त्याचं मागचं झाकण कधीही उघडू नका. बंद केल्यावरही आत विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

जाता जाता आणखी एक. ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांवर चालणाऱ्या नकली मशीनमध्ये तोच जपानी गेम सहाव्या हिश्शाने सावकाश चालतो, संगीतासकट. अशा मशीनवर वाढलेल्यांना इंटरनेटवरच्या व्हिडिओतला मारिओ घाईत वाटतो. दोन्ही वेग आपापल्या जागी बरोबर आहेत.

अंगठा

सुपर मारिओ ब्रदर्स सप्टेंबर १९८५ मध्ये आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो घडवला, संगीत कोजी कोंडोचं. सगळा गेम ४० किलोबाइटचा. त्यातले ८ किलोबाइट चित्रांना, म्हणून झुडपं आणि ढग हे एकच चित्र आहे, रंग तेवढा वेगळा. एवढ्याशा जागेत त्यांनी धावण्या-उडण्याचं जे गणित बसवलंय त्याला तोड नाही, आणि ते गणित कळलं की अर्धा गेम हातात आला.

रिमोटवर बी डावीकडे, ए उजवीकडे. अंगठ्याचं टोक बीवर ठेवा आणि ते उचलूच नका. ए दाबायचा तो अंगठा आडवा कलंडवून, पेराच्या खालच्या भागाने. दोन बोटांनी दोन बटणं खेळणारे ४-१ च्या, म्हणजे चौथ्या जगातल्या पहिल्या स्टेजच्या, पुढे अडकतात, कारण उडीच्या आधी बी सुटतो आणि वेग जातो. उभ्याने मारलेली उडी साधारण चार विटा उंच जाते, पूर्ण धावेतली पाच. ए जितका वेळ दाबून ठेवाल तितकी उडी उंच. म्हणजे लांब खड्ड्याला पाय उचलायच्या क्षणापेक्षा त्याआधीची धाव महत्त्वाची. थोडं मागे सरका, धावा, मग उडी. मागे सरकायला जागा मात्र पडद्यावर दिसते तेवढीच, कारण हा पडदा डावीकडे परत जात नाही.

१-१ पुन्हा पुन्हा खेळा, कंटाळा येईपर्यंत. विटांच्या पहिल्या रांगेतल्या डाव्या प्रश्नचिन्हात मारिओला मोठा करणारा मशरूम आहे. तो उजवीकडे जातो, पाइपला आपटतो आणि आपणहून परत येतो, त्यामुळे मागे धावायचं कारण नाही. चौथ्या पाइपवर खाली दाबलं की नाण्यांची खोली. ती सोडून पुढे चालत राहिलात तर पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे हवेत एक न दिसणारा ठोकळा आहे, त्यात एक लाइफ. झेंड्यापाशी घड्याळाचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल तर तितके फटाके. गुण मिळतात, बाकी उपयोग शून्य. पण घरातली पोरं त्यासाठीच थांबतात.

वाट

आठ जगं, प्रत्येकात चार स्टेज, एकूण ३२. पहिल्यांदाच सगळ्या खेळायचा अट्टहास नको. १-२ मध्ये शेवटच्या लिफ्टवरून छताच्या विटांवर चढा आणि बाहेर जाणाऱ्या पाइपच्याही पुढे पळत जा. थेट पुढच्या जगांत नेणारे तीन पाइप दिसतील: डावीकडून ४, ३, २. सगळे चारमध्ये उडी घेतात. माझं मत तीनचं.

कारण ३-१. शेवटच्या पायऱ्यांवरून दोन कासवं एकामागून एक उतरतात. पहिलं ओलांडा, दुसरं पायरीवर असताना त्याच्यावर उडी मारा. कवच पायरीला आपटून परत तुमच्या पायाखाली येतं, पुन्हा आपटतं. गुण १००, २००, ४०० असे चढत ८००० पर्यंत जातात आणि मग प्रत्येक टप्प्याला एक लाइफ. जमायला वेळ लागतो, पण एकदा जमलं की बसून राहा. हावरटपणा मात्र आवरा: १२७ च्या पुढे गेलात की मोजणी उलटते आणि पुढच्या मरणाला सरळ गेम ओव्हर.

मग उरलेलं तिसरं जग आणि ४-१ नेहमीसारखं. ढगातून काटेरी गोळे टाकणारा भेटला की थांबू नका, पळत राहा. ४-२ मध्ये सुरुवातीच्या लिफ्ट ओलांडल्यावर वर तीन विटांची छोटी रांग दिसेल. तिच्या आसपास उड्या मारून न दिसणारे ठोकळे उघडा, त्यांवर चढा आणि रांगेतल्या डाव्या विटेला डोकं मारा. वेल निघते. वर चढून उजवीकडे गेलात की ८, ७, ६ चे पाइप. डावीकडचा घ्या. त्याच स्टेजच्या शेवटी छतावरून जाणारी दुसरी वाट आहे, पण ती फक्त पाचला सोडते.

आठव्या जगात मधला थांबा नाही, मेलात की स्टेज पहिल्यापासून. ८-१ लांब आहे आणि घड्याळ ३०० चं, म्हणजे रेंगाळायला वाव नाही. ८-३ मध्ये हातोडे फेकणाऱ्यांच्या जोड्या आहेत. त्यांच्यासमोर वाट बघत उभं राहणं सगळ्यात वाईट, कारण थोड्या वेळाने ते स्वतःच अंगावर येतात. एक वर उडाला की त्याच्याखालून निघा. ८-४ भुलभुलैया आहे: चुकीच्या पाइपात गेलात की मागे. कोणता पाइप तपासून झाला ते कागदावर लिहा, आठवणीवर विसंबू नका.

तुमच्याकडे फायर, म्हणजे आगीचे गोळे फेकायची ताकद, असेल तर किल्ल्यातल्या राक्षसाला पाच गोळे पुरतात. नसेल तर तो उडाल्यावर खालून पळा आणि मागची कुऱ्हाड गाठा. तो पुलासकट खाली जातो.

आणि सगळी लाइफ संपलीच तर मशीन बंद करू नका. पहिल्या पडद्यावर ए दाबून ठेवून स्टार्ट दाबा, ज्या जगात मेलात त्याच्या पहिल्या स्टेजपासून सुरू होतं. आपल्यातल्या कित्येकांनी ही गोष्ट माहीत नसल्यामुळे अख्ख्या सुट्ट्या १-१ मध्ये काढल्या.

मारिओनंतर

‘९९९९ इन वन’ कॅसेटवर फार भुलू नका. तेच मोजके गेम वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या स्टेजपासून सुरू होणारे असतात. त्यातून कोनामीचं कॉन्ट्रा निवडा, दोघांनी खेळायला त्याच्यासारखं काही नाही. एनईएसच्या कॉन्ट्रात नावाच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावा, उजवा, डावा, उजवा, बी, ए आणि स्टार्ट केलं की ३० लाइफ. ही युक्ती पहिल्यांदा १९८६ च्या ग्रेडियसमध्ये आली. काझुहिसा हाशिमोतो यांना स्वतःचाच गेम तपासताना अवघड जात होता, म्हणून त्यांनी ती आत ठेवली. एकट्याने खेळायचं असेल तर हडसनचं ॲडव्हेंचर आयलंड. त्यात भुकेची पट्टी सतत कमी होत असते, फळं खात पळावंच लागतं. हात बसल्यावर सुपर मारिओ ब्रदर्स ३.

खेळ झाल्यावर ॲडॉप्टर सॉकेटमधून काढा, नुसतं मशीन बंद करून भागत नाही. रिमोटची वायर मशीनभोवती करकचून गुंडाळू नका, ती मुळाशीच तुटते. कॅसेटी झिपच्या पिशवीत, सोबत चपलांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी. आणि पुन्हा माळ्यावर टाकू नका, टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवा.